माझ्या कानातली हरणीची घंटा

आधीच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. हे सगळं लिहून झाल्यावरही बसणार नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते गाडी सुटेपर्यंत वेळ जावा म्हणून... आणि निम्मे वाचून डोकंच फिरतं. लोकांना नेमकी अमावास्येलाच बाहेर पडायची काय हौस असते देव जाणे! माझ्या बाबतीत अमावास्या नव्हती, स्मशान नव्हतं, पांढरी साडी तर नाहीच नाही. भर दुपारची गोष्ट आहे, आणि ती माझ्या जबड्याची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला मधे कितीतरी महिने धड हसताही येत नव्हतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. राहायला भोरला. माझी गाडी भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मग आत वळून मार्गासनी, विंझर, वेल्हे आणि वेल्ह्याच्या पुढे डोंगरात जिथे डांबर संपतं त्या शेवटच्या गावापर्यंत जाते. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या कुणीतरी हौशी मंडळी कॅमेरा घेऊन तिथे पोचतील आणि त्या म्हातारीला छळतील. गाडी तिथे थोडा वेळ थांबते आणि अंधार पडायच्या आत परत फिरते. ड्रायव्हर बहुतेक वेळा रेणुसे मामाच असतात. ते वेल्ह्याकडचेच, त्यामुळे वाटेवरचं प्रत्येक घर त्यांना माहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आमची गाडी दोरीवर चालते. छताला लांबलचक दोरी असते, ती ओढली की ड्रायव्हरजवळची घंटी वाजते. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. आमच्या गाडीची दोरी सारखी तुटायची. शेवटी वैतागून मी भोरच्या बाजारातून हिरव्या नाड्यांचा गुंडा आणला – हो, परकराच्या नाड्याच – आणि तिपेडी वेणी घालून दोरी केली. ओढायला बरं म्हणून टोकाला माझी एक जुनी प्लॅस्टिकची बांगडी अडकवली. रेणुसे मामांनी आठवडाभर चेष्टा केली, पण टिकली बरेच दिवस. मग मागच्या पावसाळ्याच्या शेवटी, बाजाराच्या दिवशी, गर्दीत कुणीतरी धरून लोंबकळलं आणि तीही तुटली. आता ही काय सांगायची गोष्ट आहे का, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, तुकडा कुठे गेला ते मी बघितलंसुद्धा नाही.

त्याच सुमाराला, बहुतेक दुसऱ्याच दिवशी, सकाळी चहात बुडवून बटर खायला तोंड उघडलं – आणि उघडेचना. उजव्या कानाच्या पुढे, जबड्याची बिजागरी असते ना, तिथे खट् झालं आणि अशी कळ गेली की हातातला कप सुटला. दोन बोटं जेमतेम आत जातील एवढंच तोंड उघडायचं. त्याच्यावर केसभरही नाही. आणि सोबत कानात आवाज सुरू झाला. ईंऽऽऽ... जुना टीव्ही चालू ठेवून कुणी आवाज बंद केल्यावर जसं वाजतं तसं. दिवसभर. जेवताना, अंघोळ करताना, देवापुढे बसल्यावर. थांबायचं नाव नाही.

मग काय, सुरू झाले उपाय. सासूबाईंनी भाजलेल्या लसणाचं तेल कानात घातलं. नणंदेने मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मोबाईल कमी बघा. माझ्या जबड्याचा आणि मोबाईलचा काय संबंध? मी काय मोबाईल चावून खाते? दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले सांध्यातली गादी सरकली असावी, तुम्ही झोपेत दात खाता, टेन्शन घेऊ नका. आमचे हे शेजारीच बसले होते. म्हणतात कसे, "डॉक्टर, ती दिवसाही माझ्यावर दात खाते." डॉक्टर हसले. मी मात्र हसू शकले नाही, कारण हसायला तोंड लागतं.

रात्री दातांवर चढवायची एक प्लॅस्टिकची पट्टी मिळाली. कानासाठी पुण्याला गेलो. तिथे एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. रिपोर्ट नॉर्मल. या नॉर्मल शब्दाची मला अशी चीड आलीय ना... ज्याला ताप असतो त्याचा निदान थर्मामीटर चढतो. माझं सगळं नॉर्मल, आणि मी भाकरी दुधात कुस्करून चमच्याने खातेय! भाच्याच्या जावळाला सगळी माणसं मटणावर ताव मारत होती आणि मी वाटीने रस्सा पीत बसले होते. वर जाऊबाई म्हणते, "बरंय, बारीक व्हाल." असं वाटलं की ती वाटी तिच्या डोक्यात घालावी.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, डॉक्टरांनाही नाही. त्या ईंऽऽच्या खाली अजून एक आवाज होता. टिण्... मग बराच वेळ काही नाही. मग टिण् टिण्... पुन्हा एक टिण्. आधी वाटलं नाडीचे ठोके कानात वाजत असतील, तसं असतं म्हणे काही जणांना. मनगट धरून बघितलं. जुळेना. त्याला ठेकाच नव्हता. आता हे जर घरात सांगितलं असतं, तर जबड्याच्या डॉक्टरनंतर मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून गप्प बसले.

पण खरा प्रश्न नोकरीचा होता. कंडक्टरला तोंड आणि कान दोन्ही लागतात. एकदा एका बाबांना मार्गासनीला उतरून गुंजवण्याला जायचं होतं. ते मागून ओरडत राहिले, मला ऐकूच आलं नाही, त्यांना पार विंझरला नेऊन उतरवलं. पिशवी सांभाळत ते रस्त्यावर उभे राहिले आणि मला नको नको ते बोलले. बरोबरच होतं त्यांचं. डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, असं किती दिवस चालायचं? मेडिकल करून घ्या. जमत नसेल तर ऑफिसात बसवतो तुम्हाला."

ऑफिसात पंखा असतो, बसायला खुर्ची असते, काय वाईट आहे असं सगळे म्हणाले. कुणाला कळतच नाही हो! माहेरी 'चारचौघांत मोठ्यानं बोलू नको' हेच ऐकत मी वाढले. लग्नानंतर तेच. आणि या गाडीत मी "पुढं सरका!" म्हणून ओरडते आणि गाडीभर बाप्ये मुकाट्याने पुढं सरकतात. ते मला सोडायचं नव्हतं. मेडिकलची तारीख जवळ येत होती आणि माझं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. रोज आरशासमोर बोटं घालून बघायची आणि रडायची. रागाने रडायची, दुःखाने नाही.

असाच वेल्ह्याच्या बाजाराचा दिवस. ठकूमावशी चढल्या. शेवटच्या गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीला चार-पाच धनगरांची घरं आहेत, तिथल्या त्या. गाई, म्हशी, शेळ्या पाळतात. मुलगा गुरांमागे असतो, बाजार म्हातारी करते. आधार कार्डावर पंच्याहत्तरच्या पुढच्या, म्हणून तिकीट माफ, पण दर वेळी कार्ड कमरेच्या पिशवीतून असं सावकाश काढतात की मागची सगळी रांग खोळंबते. त्या दिवशी माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तिथेच बसल्या. गाडी वेल्ह्याबाहेर पडली आणि मला म्हणाल्या,

"बाय, घंटा कुनासाटी घ्येतलीया?"

"कसली घंटा?"

"ही काय वाजतीया. पिशवीत हाय का तुज्या?"

मला वाटलं ड्रायव्हरजवळची घंटी म्हणताहेत. म्हटलं, "मावशी, ती गाडीची."

"ती न्हाई गं. ही." आणि त्यांनी बोटातली अंगठी समोरच्या दांडीवर वाजवायला सुरुवात केली. टिण्. थांबल्या. टिण् टिण्. थांबल्या. टिण्.

माझ्या कानात जे वाजत होतं, त्याच्याबरोबर. मागे नाही, पुढे नाही. माझ्या हातातलं तिकिटाचं मशीन तसंच राहिलं. मागच्या सीटवरच्या बाईला विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतंय का? ती म्हणाली, इंजनाशिवाय काय ऐकू येणार.

ठकूमावशी मात्र माझ्याकडे सरकल्या, पार कानाला कान लावला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "ही तर माज्या हरणीची हाय," म्हणाल्या. "खाली मान घालून चरतीया. मधीच माशी हाकलाया मान झटाकती, तवा दोनदा वाजती. ऐक, ऐक..."

गाडीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मावशे, कंडक्टरबाईच्या गळ्यात दावं हाय का बग!" माझं डोकं सटकलं. मी जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यात ओरडले, "गप्प बसा मावशी! कानात माझ्या वाजतंय ते, तुमच्या गाईबिईचं नाही!" आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं – वाजतंय हे मी स्वतःच कबूल केलं होतं.

शेवटच्या गावाला गाडी थांबल्यावर रेणुसे मामांना हरणीबद्दल विचारलं. ते इंजन बंद करून माझ्याकडे वळले.

"ताई, हसू नका. मागच्या पावसाळ्यात त्यांची गाय रानातनं आली न्हाई. पहिलटकरीन, गाभण. म्हातारीनं पोरावानी वाढवली व्हती. आता आमच्याकडं जुन्या लोकांत असं असतं – जनावर रानात राह्यलं की घरातली मोठी बाई त्याच दिशी बिबट्याचं तोंड बांधती."

"म्हणजे काय करते?"

"अडकित्ता घ्यायचा, न्हाईतर कात्री. मिटायची, आपल्याच जनावराची लोकर न्हाईतर केस असत्यात त्याच्या दोरीनं गच्च बांधायची, आन आढ्याला टांगायची. जोवर बांधलंय तोवर रानातल्या जनावराचा जबडा उघडत न्हाई, आपल्या गाईला त्यो खाऊ शकत न्हाई. गाय आली, न्हाईतर तिची हाडं गावली, की लगेच सोडायचं. न सोडता ठिवायचं नसतं. त्यो बी उपाशी मरंल की."

"मग ठकूमावशींनी सोडलं?"

"गाय बी आली न्हाई, हाडं बी गावली न्हाईत. कशाला सोडंल ती?"

मी म्हटलं, मामा, तुम्ही शिकलेसवरलेले, लायसन असलेले, आणि असलं बोलता! ते म्हणाले, म्या कुठं म्हणलं माझा इश्वास हाय, तुमी इचारलं म्हणून सांगितलं. आणि बिडी ओढायला उतरून गेले. त्या दिवसानंतर ठकूमावशी शेजारी बसू नयेत म्हणून मी त्या सीटवर तिकिटाची पेटी ठेवायला लागले.

तरी भोग चुकले नाहीत. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात, बाजाराच्याच दिवशी, शेवटच्या गावाला पोचायच्या थोडं आधी गाडीचं मागचं चाक बसलं. कशीबशी गावात आणली. स्टेपनी बघितली तर तिच्यातही हवा नाही. भोरहून दुसरं चाक येईपर्यंत तिथेच बसणं आलं. रेणुसे मामा रेंज शोधत टेकाडावर चढले. भर दुपारचं ऊन, माझा जबडा ठणकतोय, कानात ईंऽऽ, आणि खाली ते टिण् टिण्. ठकूमावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हितं उनात कशापायी बसती? चल वर, चा घे."

मी गेले. कुतूहल वगैरे काही नाही, रागाने गेले. मनात म्हटलं, आज या बाईचा सोक्षमोक्षच लावते.

घर बुटकं, वर पत्रा, शेणाने स्वच्छ सारवलेलं. अर्ध्या भागात माणसं आणि अर्ध्यात गुरं. एक दावं नुसतंच खुंट्याला बांधून ठेवलेलं होतं. मावशींनी चूल पेटवली. माझी नजर वर गेली. आढ्याला एक अडकित्ता लटकत होता, धुराने काळा पडलेला. आणि तो मिटवून गच्च बांधला होता... हिरव्या दोरीने. तिपेडी वेणीच्या. खाली टोकाला प्लॅस्टिकची बांगडी लोंबत होती.

माझी वीण मी ओळखणार नाही? बांगडी माझी, तिची गाठ माझी. ती दोरी मी रोज शेकडो वेळा ओढलेली.

"मावशी, हे कुठून आणलंत?"

"तुज्याच गाडीत गावलं. तुटून पडलं व्हतं सीटखाली, म्हणलं गठुडं बांदाया व्हईल." त्यांनी चहाचं पातेलं ठेवलं. "घरी आले तर ल्योक म्हनतो हरणी आली न्हाई. दीस मावळाया आलेला. लोकर कुठं ठिवलेली ती गवसंना. दीस मावळायच्या आत बांदावं लागतं. हातात ह्ये व्हतं, ह्येच बांदलं. चुकलंच माजं. आपल्या जनावराचंच लागतं, परक्याच्या हातचं न्हाई चालत."

आता मला कुणी सांगावं मी काय करायला हवं होतं! मी तिथे उभी राहून त्या म्हातारीशी भांडले. मला स्वतःची लाज वाटत होती, की असल्या गोष्टीवर विश्वास नाही म्हणते आणि ती गाठ सोडा म्हणून गळा काढतेय. पण मला माझं तोंड हवं होतं हो. म्हटलं, "सोडा ते आधी. आत्ताच्या आत्ता सोडा. माझी नोकरी चाललीय, तुम्हाला कळतंय का?"

"न्हाई सोडायची."

"का नाही? गाय जाऊन किती महिने झाले मावशी! ती काय आता येणारे?"

"म्या सोडलं म्हंजी म्याच म्हनलं, ती मेली म्हून." त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, चुलीत काटक्या सारत होत्या. "आन ती वाजतीया की अजून. तुज्यापाशी वाजतीया. इतकं दीस ती हाय म्हनत व्हते, तर मला वाटायचं माजंच टकुरं फिरलं. त्या दिशी गाडीत ऐकलं आन जीव भांड्यात पडला. वाजतीया तवर ती हाय."

माझ्या ज्या आवाजाने मला वेड लागायची पाळी आली होती, त्याच्यासाठी ही बाई गाडीत बसायला निमित्त शोधत होती. मी चुलीपाशी खाली बसले. भांडायचं बळच गेलं.

त्यांनी माझ्यापुढे नाचणीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. चांगली खरपूस भाकरी होती. मी सवयीने तुकडा मोडला, चहात बुडवला, बोटाने मऊ केला आणि तोंडाच्या फटीतून आत ढकलला. निम्मा बाहेर सांडला. पदराने पुसलं. दुसरा तुकडा घेतला. वर बघितलं तर मावशी माझ्या तोंडाकडेच टक लावून बघत होत्या.

"रोज असंच खाती?"

"रोज."

"मोकळी भाकरी खाऊन किती दीस झालं?"

"तुमची हरणी गेल्यापासून," मी फणकाऱ्याने म्हटलं.

त्यांनी चुलीतली काटकी मागे ओढली. मग उठल्या, पाटावर चढल्या आणि अडकित्ता खाली काढला. म्हणाल्या, "रानातलं जनावर बी असं उपाशी ठिवू नये, आन माणूस बी. माज्याच्यानं लई झालं." गाठ आवळून बसलेली. त्यांच्या बोटांना सुटेना. मी हात पुढे केला तर हात झटकला माझा. म्हणाल्या, "जिनं बांदली तिनंच सोडायची." दातांनी उकलली शेवटी.

सोडताना हरवलेल्या जनावराला नावाने एकदा हाक मारायची असते म्हणे. मावशी दारात गेल्या. डोंगराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "हरणेऽऽऽ... ये गं बाय..." म्हातारं माणूस एवढ्या खणखणीत आवाजात ओरडू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आणि घंटा वाजली. पण माझ्या कानात नाही... बाहेर. वरच्या रानाच्या अंगाने, डावीकडून. पुष्कळ वेळा वाजली. जनावर पळत सुटल्यावर जशी वाजते तशी. मी उठून दाराशी गेले होते, कधी गेले ते कळलं नाही. मावशी आणि मी दोघींनी एकदमच डावीकडे मान वळवली. गवत स्वच्छ दिसत होतं. काहीही नव्हतं. गोठ्यातल्या म्हशींनी मात्र कान टवकारले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग आवाज लांब गेला आणि बंद झाला.

मी म्हटलं, "मावशी, ऐकलंत?" आणि ते म्हणताना माझं तोंड उघडलं. पूर्ण. खट् झालं नाही, कळ आली नाही. मी वेड्यासारखी तिथेच आ करून उभी राहिले, तीन बोटं घालून बघितली. मावशींनी अडकित्ता पदरात धरला होता आणि त्या अजून डावीकडेच बघत होत्या.

खाली आल्यावर रेणुसे मामांना विचारलं, घंटा ऐकू आली का? म्हणाले, म्हातारीची हाक आली, घंटा काय न्हाई आली. तोवर चाक घेऊन गाडी पोचली होती.

आता तुमचे तर्क सुरू होतील, त्याआधी माझे ऐका. मेडिकलमध्ये मी पास झाले, लाइनवर आहे. दाताचे डॉक्टर म्हणाले पट्टीचा गुण आला, स्नायू सैल झाले, होतं असं अचानक. असेल. आमचे हे म्हणाले बरं झालं ना, मग कशाला खोलात शिरते. दोरी मीच विणली होती, ती डोळ्यांसमोर दिसल्यावर मनावर परिणाम झाला, असंही कुणी म्हणेल. तेही मान्य. पण गाडीत त्या म्हातारीने अंगठीने जो ठोका धरला, तो माझ्या कानातला तिला कसा कळला? मी कुणालाही सांगितलेला नव्हता. याचं उत्तर कुणाकडे असेल तर कृपा करून द्या. 'मनाचे खेळ' असं लिहिणार असाल तर लिहू नका, ते ऐकून ऐकून कान किटलेत.

आणि पूर्ण बरी झाले असंही नाही. थंडीत जबडा अजून धरतो, पट्टी लावावी लागते. ते टिण् टिण् त्या दिवसापासून गेलं. ईंऽऽ तसंच आहे. हे लिहिताना पण चालू आहे. डॉक्टर म्हणतात, याची सवय करून घ्या. घ्या म्हणे सवय!

ठकूमावशी अजून बाजाराला येतात. मी पेटी उचलून सीट मोकळी करते. वेल्हे मागे पडलं की त्या हळूच म्हणतात, "बगू गं?" मी मशीन मांडीवर ठेवते आणि मान त्यांच्याकडे कलती करते. त्या कानाला कान लावून बसतात, डोळे मिटून, पार पुढचं वळण येईपर्यंत. माझ्या कानात तेव्हा नुसती शिट्टी वाजत असते, एवढ्या मोठ्याने की मला वाटतं आता ती तरी यांना ऐकू येईल.

"न्हाई गं बाय," त्या म्हणतात, "काईच वाजत न्हाई."